भाचीला अमेरिकेत 'अटींवर' कॉलेज प्रवेश : घ्यावा का, आणि सही करण्याआधी काय विचारावं?

ओसरीवरची

भाचीसाठी विचारतेय. ती न्यू जर्सीत राहते, ग्रीन कार्ड आहे, बारावी आता संपेल. राज्यातल्याच एका सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला अर्ज केला होता. नेहमीचा प्रवेश मिळाला नाही, पण नकारही आलेला नाही. पत्रात म्हटलंय की उन्हाळ्यात ५ आठवडे कॅम्पसवर राहून ६ क्रेडिट (अभ्यासक्रमाच्या वजनाचं माप) करायची, दोन्ही विषयांत किमान 'सी' हवा. मग पहिलं वर्षभर दर आठवड्याला ॲडव्हायझरची भेट, एक फर्स्ट इयर सेमिनार, आठवड्याला ६ तास स्टडी हॉल आणि वर्षाअखेर जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) २.० च्या वर. प्रवेश 'आर्ट्स अँड सायन्सेस, मेजर (मुख्य विषय) अनिश्चित' असा आहे. करारावर तिची सही आणि डिपॉझिट, दोन्ही १ मेच्या आत.

घरात दोन तट आहेत. भावोजींना हे मागच्या दाराने जाणं वाटतं, पदवीवर शिक्का बसेल अशी धास्ती आहे. बहिणीला वाटतं त्यापेक्षा दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांची पदवी देणारं स्थानिक कॉलेज) बरं. भाची जायला एका पायावर तयार आहे. तिला शाळेत एडीएचडीसाठी (लक्ष टिकवण्याची अडचण) आयईपी, म्हणजे खास आधाराचा लेखी आराखडा, होता, तो पुढे चालतो का हेही कोणाला ठाऊक नाही. जाणकारांनी सांगावं. अनुभवकथन नको, नेमकं काय तपासायचं ते हवंय.

---

कंदील

ताई, आधी पत्राची जात ओळखा. 'पर्यायी प्रवेश' या एका नावाखाली इकडे निदान चार वेगळे प्रकार चालतात, आणि एकाला लागू असलेला सल्ला दुसऱ्याला घातक ठरतो.

पहिला राज्याच्या पैशावर चालणारा. न्यू जर्सीत त्याला ईओएफ म्हणतात, एज्युकेशनल अपॉर्च्युनिटी फंड. न्यूअर्कमध्ये १९६७ साली दंगल झाली, त्यानंतर १९६८ मध्ये तो उभा राहिला. न्यूयॉर्कमध्ये त्याची भावंडं आहेत: सुनीच्या (न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या) कॉलेजांत ईओपी, क्युनीच्या (न्यूयॉर्क शहर विद्यापीठाच्या) चार वर्षांच्या कॉलेजांत १९६६ पासून सीक, खाजगी कॉलेजांत एचईओपी. इथे कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा असते, राज्यात १२ महिन्यांचं वास्तव्य लागतं, आणि शैक्षणिक नोंद नेहमीच्या निकषात न बसणारी असली तरी दार उघडं असतं. दुसरा प्रकार विद्यापीठाच्या स्वतःच्या योजनेचा. उत्पन्नाची अट नसते, पण समरचा खर्च बहुधा घरच्यांनी भरायचा असतो. तिसऱ्यात प्रवेश फक्त लांबवलेला असतो. पहिलं सत्र परदेशात काढा (नॉर्थईस्टर्नचं एन.यू.इन), एक वर्ष दुसरीकडे शिकून या (कॉर्नेलचा ट्रान्सफर ऑप्शन), किंवा शेजारच्या कॉलेजात काही विषय घ्या (टेक्सस ए अँड एम आणि ब्लिन यांची टीम योजना). या तिसऱ्यात वैयक्तिक आधार मिळेलच असं नाही, तो गृहीत धरू नका. चौथा प्रकार लर्निंग डिफरन्स असलेल्या मुलांसाठी फी घेऊन आधार देणारा. त्यावर 'कानामात्रा' जास्त नीट सांगतील.

तुमचं पत्र पहिल्या प्रकारातलं की दुसऱ्या, हे वर्णनावरून कळत नाही. फोन करून एकच वाक्य विचारा: "ही ईओएफची जागा आहे का?" ईओएफ असेल तर समरचा बराचसा खर्च फंडातून सुटतो आणि पुढे दर सत्राला अनुदानही येतं, पण फाफ्सा (केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज) वेळेत भरलेला असावा लागतो. ईओएफ नसेल तर समरची फी, राहणं, जेवण यांचा लेखी आकडा मागा. समरची मदत आधीच्या आर्थिक वर्षात मोजणार की पुढच्या, हे फायनान्शियल एड ऑफिसला वेगळं विचारायचं. ॲडमिशनवाल्यांना ते बहुधा सांगता येत नाही.

आता मुद्द्याचं. बहुतेक घरं पाच आठवड्यांच्या समरवर भाळतात किंवा त्यालाच घाबरतात. खरी परीक्षा ऑक्टोबरात असते. समरमध्ये दोन विषय, संध्याकाळचा अभ्यास सक्तीचा, ट्यूटर त्याच इमारतीत, वर्गात मोजकी डोकी. मुलांना चांगले ग्रेड मिळतात आणि 'जमतंय की' असं वाटतं. ऑगस्टच्या शेवटी पाच विषय सुरू होतात, दीडशे जणांचा लेक्चर हॉल येतो, दिवसातले मधले चार तास मोकळे दिसतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात तीन मिडटर्म एकाच आठवड्यात येतात आणि गाडी घसरते. टेक्ससमध्ये २००९ च्या उन्हाळ्यात आठ कॉलेजांच्या अशा समर वर्गांची चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांवर चाचणी झाली होती. गणित आणि लेखनाचे पहिले विषय लवकर पास होण्यात सुरुवातीला फायदा दिसला, दोन वर्षांअखेर तो फरक उरला नाही.

याच्या उलट क्युनीची असॅप योजना पाहा. २००७ पासून, कम्युनिटी कॉलेजातल्या मुलांसाठी. पूर्णवेळ शिकायची सक्ती, ॲडव्हायझरची वारंवार सक्तीची भेट, फीमधली तूट भरून देणं, पुस्तकं, सबवे-बसचं कार्ड, आणि हे सगळं तीन वर्षांपर्यंत. तिचाही असाच तुलनात्मक अभ्यास झाला. तीन वर्षांत पदवी घेणारे योजनेत ४० टक्के, बाहेर २२ टक्के. त्या काळात असॅपच्या एका ॲडव्हायझरकडे ६० ते ८० विद्यार्थी होते. बाकीच्यांच्या ॲडव्हायझरकडे ६०० ते १५००.

म्हणून पहिला प्रश्न हाच: तिच्या ॲडव्हायझरकडे एकूण किती विद्यार्थी असतील? शंभराच्या आत असतील तर 'दर आठवड्याला भेट' या शब्दाला अर्थ आहे. तीनशे असतील तर ती भेट म्हणजे सही करण्यापुरती पाच मिनिटं. दुसरा प्रश्न: समरमधला ॲडव्हायझर फॉलमध्ये (ऑगस्टपासूनच्या सत्रात) तोच राहतो का, आणि दुसऱ्या वर्षी काय? तिसरा: समरमध्ये एका विषयात 'सी-' आला तर नेमकं काय होतं? प्रवेश रद्द, की अटी वाढवून संधी, की कम्युनिटी कॉलेजकडे बोट? 'केसनुसार ठरवू' असं उत्तर आलं तर गेल्या वर्षी किती जणांबाबत काय ठरलं ते विचारा. आकडे सांगायला का-कू केली तर तेही एक उत्तरच समजा.

शिक्क्याबद्दल भावोजींना सांगा की पदवीच्या कागदावर योजनेचं नाव येत नाही. ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) समरचे विषय 'समर' म्हणून दिसतील, ते तर कुठल्याही विद्यार्थ्याचे दिसतात.

---

हातचा_एक

कंदील यांनी बरंच सांगितलंय. मी 'कॉम्प्युटर सायन्स' आणि 'मेजर अनिश्चित' या दोन शब्दांवर अडलो, कारण मराठी घरांत नेमकं तेच वाचायचं राहून जातं. विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे त्या विभागात मिळाला असं नाही. अनेक ठिकाणी सीएस, इंजिनिअरिंग, नर्सिंग यांचं दार वेगळं असतं. ठरावीक विषय ठरावीक ग्रेडने झाले की मगच अर्ज, आणि जागा मर्यादित. विभागाच्या पानावर 'मेजर जाहीर करण्याच्या अटी' असतात, त्या छापून घ्या. किमान जीपीए पुरेसा आहे की त्यावर स्पर्धाही आहे, हे विचारा. २.७ ही 'किमान' अट असून प्रत्यक्षात ३.५ च्या खाली कोणी आत जात नाही, असंही असू शकतं.

पुढचा प्रश्न गणिताचा. सीएसची साखळी कॅल्क्युलस १ पासून सुरू होते, त्यामागे प्रीकॅल्क्युलस, त्यामागे कॉलेज अल्जिब्रा. प्लेसमेंटमध्ये, म्हणजे गणिताची पातळी ठरवणाऱ्या परीक्षेत, ती कॉलेज अल्जिब्रात पडली तर कॅल्क्युलस १ तिसऱ्या सत्रात उगवणार आणि चार वर्षांची साडेचार-पाच होणार. समरच्या ६ क्रेडिटपैकी ३ किंवा ४ गणिताची असतील तर ती एक पायरी उन्हाळ्यातच चढता येते. माझ्या मते या योजनेतला सर्वांत किमती भाग तोच. फक्त त्या विषयाचा क्रमांक विचारून घ्या. १०० च्या खालचा क्रमांक असेल तर तो बहुधा 'डेव्हलपमेंटल' असतो. त्याची क्रेडिट फी आणि आर्थिक मदतीच्या हिशोबात येतात, पदवीच्या १२० मध्ये येत नाहीत. असल्या विषयांसाठी केंद्र सरकारची मदत ३० सेमिस्टर क्रेडिटपर्यंतच मिळते. काही राज्यांनी हे स्वतंत्र विषय जवळजवळ मोडीत काढलेत. टेनेसीने २०१५ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने मूळ विषयासोबतच जोडतास देण्याकडे मोर्चा वळवला. तुमच्याकडे असा जोडतासाचा पर्याय आहे का, तेही विचारा. असेल तर तोच घ्या.

प्लेसमेंट परीक्षा बऱ्याच ठिकाणी अ‍ॅलेक्सची असते. जास्तीत जास्त ३० प्रश्न, साधारण दीड तास, पर्याय निवडायचे नसतात, उत्तर स्वतः लिहायचं असतं. इथे दोन चुका होतात आणि दोन्ही महागात पडतात. एक, 'नुसती टेस्ट आहे' म्हणून रात्री अकराला मोबाइल शेजारी ठेवून देणं. मग येणारं गणितही चुकतं आणि सहा महिने मागे. दुसरी याहून वाईट: चुलतभावाला शेजारी बसवणं. त्याच्या जोरावर थेट कॅल्क्युलसमध्ये पडलेली मुलगी तिथे टिकत नाही. अ‍ॅलेक्समध्ये पहिल्या प्रयत्नानंतर कच्च्या भागांचा सराव उघडतो आणि एकूण पाच प्रयत्न मिळू शकतात, विद्यापीठ कमीही ठेवतं. पहिला प्रयत्न कोणाच्याही मदतीशिवाय द्यायचा, दहा-बारा दिवस रोज तासभर सराव करायचा, मग दुसरा. त्रिकोणमिती आणि लॉगरिदम हे दोन भाग बहुतेकांचे गंजलेले असतात.

आता २.० कडे वळू. आकडा सोपा वाटतो, म्हणून एक हिशोब मांडतो. फॉलमध्ये १५ क्रेडिट घेतली. ४ क्रेडिटच्या गणितात 'एफ' (नापास) आला, उरलेल्या ११ क्रेडिटमध्ये सगळीकडे 'बी-', म्हणजे २.७. एकूण गुण ११ × २.७ = २९.७. त्याला १५ ने भागा: १.९८. चार विषयांत बऱ्यापैकी ग्रेड असूनही मुलगी अटीच्या खाली. तोच गणिताचा विषय मुदतीत सोडला असता, म्हणजे 'डब्ल्यू' घेतला असता, तर जीपीए २.७ राहिला असता.

मग सगळेच का सोडत नाहीत? कारण दुसरीकडे एसएपीचा, म्हणजे अभ्यासातल्या समाधानकारक प्रगतीचा, काटा असतो. आर्थिक मदत चालू राहायला घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण व्हावी लागतात, आणि 'डब्ल्यू' हा घेतला-पण-पूर्ण-नाही म्हणून मोजला जातो. ११/१५ म्हणजे ७३ टक्के, चाललं. दोन विषय मिळून ७ क्रेडिट सोडली तर ८/१५ म्हणजे ५३, मदतीवर इशारा. शिवाय योजनेच्या करारात किंवा राज्याच्या अनुदानात '१२ क्रेडिट पूर्णवेळ' अशी अट असेल तर ११ वर येण्याआधी ॲडव्हायझर आणि एड ऑफिस दोघांना विचारायचं. सोडण्याची मुदत बहुधा नवव्या-दहाव्या आठवड्याच्या आसपास येते आणि मिडटर्म सातव्यात. मधले दोन आठवडे म्हणजे निर्णयाची खिडकी. कॅलेंडरवर ती आत्ताच लाल करून ठेवा.

पहिल्या सत्रात १५ घ्यायची की १२? कंदील यांना कदाचित पटणार नाही, पण समरची ६ हातात असतील तर फॉलमध्ये १३ पुरे. वर्षाची बेरीज ६ + १३ + १५ = ३४ होते, आणि चार वर्षांच्या गतीला ३० लागतात.

---

कंदील

१३ मला पूर्ण पटतं. फक्त लक्षात ठेवा, १३ वरूनही तीन क्रेडिटचा विषय सोडला तर १० उरतात, म्हणजे १२ ची अट असेल तर सोडायची सोय नाही. आणि त्या १३ मध्ये एकच लॅब असू द्या.

---

ओसरीवरची

हे १.९८ चं गणित भावोजींना दाखवलं, ते गप्प झाले! अ‍ॅलेक्सचं बहिणीला कळवलंय. एडीएचडीचं कोणी सांगेल का? शाळेचा आयईपी २०२१ चा आहे, त्यात दीडपट वेळ आणि वेगळी खोली लिहिलीय. पत्रातल्या 'वैयक्तिक आधारा'त हे आलंच ना?

---

कानामात्रा

नाही, नाही आलं. ही दोन वेगळी ऑफिसं आहेत आणि ती एकमेकांशी आपणहून बोलत नाहीत.

आयईपी शाळेच्या कायद्याखाली असतो, आयडीईए. हायस्कूलच्या डिप्लोमासोबत तो संपतो. कॉलेजात १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं कलम ५०४ आणि १९९० चा एडीए (अपंगांच्या हक्कांचा कायदा) लागू होतात. फरक असा की शाळेत मुलाला हुडकून मदत देणं ही शाळेची जबाबदारी होती. कॉलेजात विद्यार्थ्याने स्वतः जाऊन सांगायचं, कागद द्यायचे, मागायचं. ॲडमिशनच्या निबंधात एडीएचडीचा उल्लेख केला असला तरी तो या ऑफिसपर्यंत पोचत नाही. आईने फोन केला तर 'विद्यार्थिनीला बोलायला सांगा' एवढंच उत्तर येईल.

क्रम सांगते. डिपॉझिट भरलं आणि विद्यार्थिनी क्रमांक मिळाला की त्याच आठवड्यात डिसॲबिलिटी सर्व्हिसेसच्या पोर्टलवर नोंद. कागदांत फक्त आयईपी देऊ नका. त्यात काय दिलं हे असतं, निदान कसं झालं हे बहुधा नसतं. मूळ सायकोएज्युकेशनल मूल्यमापनाचा अहवाल शाळेकडून आत्ताच मागून घ्या. शाळा सोडल्यावर तो शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्याचा प्रकार होतो. अहवाल किती जुना चालतो हे प्रत्येक ठिकाणी निराळं, तीन ते पाच वर्षांची अपेक्षा बऱ्याच ठिकाणी दिसते. जुना ठरला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरचं सध्याच्या अडचणी सांगणारं पत्र जोडायचं: वाचायला किती वेळ लागतो, परीक्षेत काय होतं, औषधाचा असर कोणत्या वेळी उतरतो. 'हिला एडीएचडी आहे' या एका ओळीच्या पत्राने काही साधत नाही.

मग मुलाखत होते, आणि सवलतींचं पत्र निघतं. ते दर सत्राला नव्याने काढावं लागतं, प्रत्येक प्राध्यापकाला पोचवावं लागतं, आणि काही ठिकाणी प्रत्येक परीक्षेसाठी टेस्टिंग सेंटरमध्ये पाच-सात दिवस आधी जागा राखावी लागते. हमखास चुकतं ते इथेच. मुलगी पहिल्या मिडटर्मला 'बघू या कसं जातं' म्हणून पत्र देत नाही, पेपर पडतो, मग धावते. सवलत मागील तारखेपासून लागू होत नाही. समरच्या पाच आठवड्यांसाठीही पत्र लागतं हे विसरू नका. पाच आठवड्यांच्या सत्रात पहिली परीक्षा आठव्या-दहाव्या दिवशी येऊन ठेपते.

दीडपट वेळ, वेगळी खोली, नोट्सची सोय, ध्वनिमुद्रण हे कॉलेजला मोफतच द्यावं लागतं. एक्झिक्युटिव्ह फंक्शन कोच, आठवड्याचं नियोजन करून घेणारा माणूस, खास प्रशिक्षित ट्यूटर हे कायद्यात येत नाही, त्यासाठी फी घेता येते. ॲरिझोना विद्यापीठाचं सॉल्ट सेंटर, मॅसॅच्युसेट्समधल्या करी कॉलेजचं १९७० पासूनचं पॅल, डेन्व्हर विद्यापीठाची लर्निंग इफेक्टिव्हनेस योजना ही त्या जातीची. व्हरमाँटचं लँडमार्क आणि फ्लोरिडाचं बीकन ही तर अख्खी कॉलेजंच अशा मुलांसाठी आहेत. भाचीच्या पत्रातला साप्ताहिक ॲडव्हायझर हा मधला प्रकार दिसतो. तो नियोजनात मदत करेल, पण त्याला एडीएचडी माहीत आहे असं धरून चालू नका. पहिल्याच भेटीत तिने सांगितलेलं चांगलं.

त्या भेटीत नुसतं 'ठीक चाललंय' म्हणून येणारी मुलं घसरतात, म्हणून भेटीचा एक साचा सांगते. सगळ्या विषयांचे सिलॅबस हातात आले की एकाच मोठ्या कागदावर १५ आठवड्यांच्या १५ ओळी आखायच्या आणि प्रत्येक परीक्षा, निबंध, लॅब रिपोर्ट त्यात टक्क्यांसकट लिहायचा. गर्दीचे आठवडे डोळ्यांना दिसतात. दर भेटीला तीन गोष्टी न्यायच्या: तो कागद, कोर्सच्या पोर्टलवर त्या दिवशी दिसणारे ग्रेड, आणि गेल्या आठवड्यात न झालेलं एक काम. तिसऱ्या गोष्टीवरच भेटीचा निम्मा वेळ जायला हवा.

शेवटी फर्पा, १९७४ चा कायदा. मूल कॉलेजात गेलं की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून त्याच्याकडे जातो. फी तुम्ही भरत असलात तरी. विद्यार्थी संमतीचा फॉर्म भरू शकतो, तो ओरिएंटेशनलाच भरून घ्यावा आणि त्यात ॲडव्हायझरचं नाव किंवा ऑफिस घालावं. पासवर्ड मागून पोर्टल बघत बसू नका. त्याने नातंही बिघडतं आणि मुलगी महत्त्वाचे ईमेल वाचायचं सोडून देते, 'आई बघते' म्हणून.

---

गोदाकाठ

थोडं विषयांतर. मुलगा भारतातून एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) जायचा विचार करतोय. एजंट म्हणतो की गुण कमी असले तरी 'पाथवे'मधून पहिलं वर्ष आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला. हे वरच्यासारखंच आहे का?

---

हातचा_एक

नाव सारखं, व्यवहार वेगळा. पाथवे बऱ्याचदा विद्यापीठाशी करार केलेली खाजगी कंपनी चालवते आणि एजंटला त्यावर कमिशन मिळू शकतं, म्हणून त्याच्या तोंडच्या 'थेट' शब्दावर भिस्त ठेवू नका. करारात कोणत्या विषयात किती ग्रेड आणि कोणता जीपीए आला की पुढे सरकणार, हे लेखी असतं. तेच मागा. त्यात इच्छित मेजरचं नाव आहे का तेही बघा.

व्हिसाच्या बाजूने, सेव्हिपच्या (परदेशी विद्यार्थ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या) २०१६ च्या धोरणापासून अटींवर दिलेल्या प्रवेशावर पदवीचा आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) देता येत नाही. पाथवेचा किंवा इंग्रजी भाषेच्या वर्गाचा आय-२० निघतो आणि पुढे पदवीचा. व्हिसाच्या खिडकीवर मुलाला आपण नेमकं कशासाठी चाललोय हे त्या कागदाप्रमाणेच सांगता यायला हवं.

वर मी 'डब्ल्यू' घ्यायचा सल्ला दिलाय तो एफ-१ वाल्यांनी जसाच्या तसा उचलू नये. १२ क्रेडिटच्या खाली जाणं म्हणजे स्टेटसचा प्रश्न. पहिल्या वर्षी इंग्रजीची किंवा शिकवण्याच्या पद्धतीची अडचण, चुकीच्या पातळीचा विषय अशा कारणांनी डीएसओ (कॉलेजातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी) कमी क्रेडिटची परवानगी देऊ शकतो. पण ती आधी घ्यायची, निदान ६ क्रेडिट ठेवायची, आणि शैक्षणिक अडचणीच्या कारणावर एका पदवी पातळीत ती एकदाच मिळते. ऑनलाइन विषयांपैकी एका सत्रात एकच, ३ क्रेडिटपर्यंत, पूर्णवेळात मोजला जातो.

एच-४ वरच्या (एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलांबद्दलही लिहून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. त्यांना फाफ्साची मदत नाही, आणि २१ पूर्ण झाले की एच-४ संपतो. पाच वर्षं लागणार असतील तर मधेच एफ-१ वर जाणं आलं.

---

बेरकी_बोका

सगळे योजनेच्या बाजूने बोलताहेत, म्हणून बहिणीची वकिली करतो. न्यू जर्सीत २००७ चा लँपिट कायदा आहे. कम्युनिटी कॉलेजातून ए.ए. किंवा ए.एस. (कला किंवा विज्ञानाची दोन वर्षांची) पदवी पूर्ण केली की ती क्रेडिट राज्याच्या सरकारी विद्यापीठाला मान्य करावी लागतात. उत्पन्न मर्यादेत असेल तर सीसीओजी या राज्याच्या कम्युनिटी कॉलेज अनुदानाने तिथली फी जवळपास शून्यावर येते. घरून जाणं-येणं. गणिताची पायरी चढायला तिथे वर्ग लहान, घाई कमी.

दोन खड्डे मात्र सांगतो. एक, ए.ए.एस. नावाची तिसरी पदवी असते, ती थेट नोकरीसाठीची, या कायद्याचं संरक्षण तिला नाही. नावात एक अक्षर जास्त म्हणून भारी समजून घेणारे असतात. दोन, क्रेडिट मान्य होणं आणि सीएस विभागात जागा मिळणं वेगळं. हातचा_एक यांनी सांगितलेली दाराची गोष्ट तिथेही आहेच, फक्त दोन वर्षांनी समोर येते.

आणि एडीएचडीच्या मुलीला घरून कम्युनिटी कॉलेजला पाठवताना तिथला ॲडव्हायझर किती जणांना बघतो, तेही विचाराच. वरचा ६०० ते १५०० चा आकडा अशाच कॉलेजांतला आहे.

---

कंदील

बोकाभाऊंचा मुद्दा रास्त आहे. माझा कौल सांगायचा तर असा: ईओएफची जागा असेल किंवा ॲडव्हायझरकडे शंभराच्या आत मुलं असून आधार दुसऱ्या वर्षीही चालू राहत असेल, तर योजना घ्या. आधार समरपुरता असेल आणि समरची फी खिशातून असेल, तर कम्युनिटी कॉलेज, पण तिथे ईओएफ आहे का ते बघून. बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांतही तो असतो.

---

ओसरीवरची

खूप मदत झाली. आज बहीण फोन करणार आहे. ॲडमिशन ऑफिसलाच ना?

---

कंदील

फोन भाचीने करायचा, आणि ॲडमिशनला नाही, योजनेच्या संचालकांच्या ऑफिसला. पत्राच्या तळाशी वेगळा नंबर असतो. फोननंतर त्याच दिवशी तिच्या ईमेलवरून 'आपण असं बोललो' म्हणून चार ओळी पाठवायच्या, म्हणजे ॲडव्हायझरमागची संख्या, 'सी-' चं काय, समरच्या विषयांचे क्रमांक हे सगळं लेखी होतं. आर्थिक मदतीचं पत्र अजून आलं नसेल तर १ मेची मुदत वाढवून मागता येते, बरीच ऑफिसं देतात, पण मुदत संपायच्या आधी मागितली तर. डिपॉझिट सहसा परत मिळत नाही.

सही झालीच तर समर हाउसिंगचा फॉर्म वेगळा असतो तो भरा, आणि लसीकरणाचे कागद लगेच धाडा. ते पोचले नाहीत की नोंदणीवर होल्ड लागतो, आणि समरला निघायच्या घाईत तो उठवत बसावं लागतं.